गार्डाचा डबा

आमच्या खापरला रेल्वे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या हद्दीला जवळजवळ खेटून असलेले हे आमचे गाव. विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत आमच्या अक्कलकुव्याचा क्रमांक राज्यात पहिला लागतो. बाकीच्या बहुतेक याद्यांत आम्ही शेवटी असतो. गावाजवळून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. पण रुळांचा खडखडाट ऐकायचा तर एस.टी.त बसावे, अक्कलकुवा, तळोदा मागे टाकावे, तापी ओलांडावी आणि नंदुरबार गाठावे. माझ्या लहानपणी ‘रेल्वे’ या शब्दाचा अर्थ ‘मामाचे घर’ असाच होता.

अशा गावातल्या मुलाने वर्षभर खेळातल्या रेल्वेच्या डब्याशी झटापट करावी, हे ऐकून कुणालाही हसू येईल. आमच्या वर्गातल्या मित्रांना ते आलेच. “अरे, टी.वाय.ला आलास आणि झुकझुकगाडी खेळतोस?” असे त्यांनी विचारले. त्यांना मी तेव्हा उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर समजावे.

गोष्टीची सुरुवात शिकवणीपासून झाली. आमच्या शेजारच्या दुकानदारकाकांच्या नातवाला मी दोन महिने मराठी शिकवले. काकांचा थोरला मुलगा अमेरिकेत असतो. त्याने पुतण्यासाठी कधी काळी पाठवलेला खेळण्यातला रेल्वेचा संच माळ्यावर पडून होता. इंजिन बिघडलेले, रूळ हरवलेले. फी देताना काकांनी त्यातला धड उरलेला एकुलता एक डबा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “तुझा मामा रेल्वेत होता ना? घे.”

डबा मोठा देखणा होता. लाल रंगाचा, दोन्ही टोकांना गच्ची, छपराच्या मध्यभागी खिडक्यांची एक छोटी खोली उंच उठलेली आणि बाजूला चिमुकले धुरांडे. अमेरिकेत याला ‘कबूस’ म्हणतात. मालगाडीच्या अगदी शेवटी तो जोडत. गाडीबरोबरचे कर्मचारी त्यात बसत, झोपत, शेगडीवर स्वयंपाकही करत. वरच्या खोलीत बसून पुढच्या सगळ्या वाघिणींवर नजर ठेवत. थोडक्यात, आपल्याकडच्या मालगाडीला जो गार्डाचा डबा असतो, ज्याला रेल्वेच्या भाषेत ब्रेकव्हॅन म्हणतात, त्याचा हा सातासमुद्रापलीकडचा चुलतभाऊ.

माझे मामा मालगाडीचे गार्ड होते. तीस वर्षांहून अधिक नोकरी करून ते निवृत्त झाले आणि आता नंदुरबारला राहतात. पुढच्या रविवारी डबा रुमालात गुंडाळून मी मोठ्या ऐटीने त्यांच्याकडे गेलो. वाटले होते, मामा खूश होतील. त्यांनी डबा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, उलटा करून चाके पाहिली आणि परत माझ्या हातात दिला.

“हाऊ आपला डबा नही, भाऊ,” ते म्हणाले. मामांची अहिराणी मनातले बोलायचे असले म्हणजेच बाहेर येते. मग धुरांड्यावर बोट ठेवून हसले. “मे महिन्यात आमचा डबा आपोआपच शेगडी व्हायचा. याला वेगळी कशाला?”

खरे म्हणजे गोष्ट इथेच संपायची. पण त्या हसण्यात काहीतरी मला बोचले. मामांच्या नोकरीविषयी आमच्या घराण्यात एक जुना विनोद आहे. ‘गार्डाचे काम काय? हिरवा झेंडा दाखवायचा आणि झोपायचे!’ सातवीत असताना हा विनोद मी भर लग्नघरात, पाहुण्यांसमोर, मामांच्या देखत केला होता. सगळे खो खो हसले. मामाही हसले होते. परवा त्यांचे हसणे पाहिले आणि ते लग्नघर आठवले. बसमध्ये परतताना मी ठरवले, या डब्याचा ‘आपला’ डबा करायचा.

ठरवले खरे, पण कसा करायचा? मला धीर आला तो मागच्या वर्षीच्या सहलीच्या आठवणीने. पुण्याला गेलो असताना आम्ही जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले होते. भाऊसाहेब जोशी यांनी ते आयुष्यभराच्या छंदातून उभे केले. ज्या वर्षी आपला नंदुरबार जिल्हा झाला, त्याच १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. तिथे छोट्या गाड्या सिग्नल पाळत, वळणे घेत धावताना पाहून आम्ही सगळे लहान झालो होतो. केस पिकलेली माणसेही या उद्योगात इतकी रमतात, हे मला तिथे प्रथम कळले. माझा डबा ज्या मापाचा होता, ते माप म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. खरी वस्तू ८७ सेंटिमीटर असेल, तर प्रतिकृतीत ती एक सेंटिमीटर.

मग गणिताशी कायमची फारकत घेऊन कला शाखेत आलेला मी पुन्हा भागाकाराला बसलो. मामांच्या डब्याची मापे माझ्याकडे नव्हती. होता एकच फोटो. निवृत्तीच्या दिवशी यार्डात काढलेला. मागे चार चाकांची ब्रेकव्हॅन बाजूने पूर्ण दिसते आहे आणि पुढे गळ्यात हार घातलेले मामा ताठ उभे आहेत. या फोटोत पट्टी कुठली धरावी? मामांना उंची विचारली. “पाच फूट सहा इंच. भरतीच्या वेळी मोजली होती.”

मी वहीत लिहिले आणि थबकलोच. पाच फूट सहा इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर नेमके तेवढेच! मामा रुळांवर आडवे झोपले तर डोके एका रुळाला आणि टाचा दुसऱ्या रुळाला टेकतील. मी हे सांगितल्यावर मामी म्हणाल्या, “म्हणून तर रेल्वेने यांना घेतले असेल.” मामांना मात्र हे मापाचे नाते मनापासून आवडले. ते चार लोकांना त्यांनी सांगितल्याचे मला नंतर कळले.

फोटोतले मामा हीच माझी मोजपट्टी झाली. डबा किती मामा लांब, किती मामा उंच, खिडकी मामांच्या खांद्याला की कानाला, असे मी कर्कटकाने मोजत गेलो. सत्त्याऐंशीने भागल्यावर मामा उरले एकोणीस मिलिमीटरांहून किंचित जास्त. खेळण्यातल्या रुळांमध्ये मात्र अंतर असते साडेसोळा मिलिमीटर, कारण ते अमेरिकेच्या, आपल्याहून अरुंद रुळांवरून घेतलेले आहे. म्हणजे त्या रुळांत आमचे मामा मावतच नव्हते. डब्याचेही तसेच. आपल्या वाघिणी सुमारे ३.२ मीटर रुंद. त्या हिशेबाने प्रतिकृती ३७ मिलिमीटर हवी. माझा अमेरिकन डबा ३५ भरला. दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर चढवणे भाग होते.

इथे ज्याची त्याची मदत झाली. लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा गावात मुबलक. त्याचे थर फेव्हिकॉलने चिकटवून भिंती जाड केल्या. हॅक्सॉच्या पात्याने छपरावरची ती उंच खोली कापून काढली. तो दिवस जरा जडच गेला, कारण डब्याचे सगळे सौंदर्य त्या खोलीतच होते. भोकावर पुठ्ठ्याचे नवे छप्पर बसवले. धुरांडे काढले. टोकांच्या गच्च्यांना अमेरिकन कठडे होते. ते काढून कमरेइतक्या भिंती उभ्या केल्या, म्हणजे आपल्या डब्याची पडवी झाली. हात धरायच्या दांड्या शिलाईच्या टाचण्यांच्या. डब्याच्या मागचा तांबडा दिवा म्हणून आठवडे बाजारातून आणलेला लाल मणी. हाताने फिरवायच्या ब्रेकच्या चाकाला काय वापरावे सुचेना; तेव्हा मामींनी आपल्या शिलाईच्या डब्यातून एक टिचबटण काढून दिले. ते इतके चपखल बसले, की जणू कारखान्यातून आले.

चाकांवरून मात्र मामांचे आणि माझे भांडण झाले. अमेरिकन डब्याखाली दोन बोगी, म्हणजे आठ चाके. आपल्याकडेही आठ चाकांच्या ब्रेकव्हॅन आहेत. मी म्हटले, “मामा, आठ चाकांची करू. चाके आहेत तशी राहतील, लांबीही कापावी लागणार नाही.”

“आठ चाकांचा डबा सुखाचा,” मामा म्हणाले. “मी जास्त दिवस काढले ते चार चाकांच्या डब्यात. हाडे खिळखिळी करणारा. एका जागी पाण्याचा पेला ठरत नसे. तुला सुखाचा करायचा असेल तर कर. मग तो माझा म्हणू नको.”

मुकाट्याने मी डबा मधोमध कापला, लांबी कमी केली, बोगी काढून प्रत्येकीतला एकेक आस ठेवला. तीन रविवार त्यात गेले.

पण या कामाचा खरा लाभ वेगळाच होता. नक्कल करायची म्हणजे प्रश्न विचारावे लागतात. आत बाक कुठे होता? लाईन बॉक्स कुठे ठेवत होता? मोजताना मी विचारू लागलो आणि मामा सांगू लागले. त्यांच्या नोकरीचा एकही दिवस आम्ही कधी त्यांना विचारला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. लाईन बॉक्स म्हणजे गार्डाची पत्र्याची पेटी. तिच्यात झेंडे, हातदिवा, रुळावर ठेवायचे फटाके, नियमांचे पुस्तक. डब्यात हवेचा दाब दाखवणारे घड्याळ. काटा अचानक खाली आला तर समजायचे, पुढे कुठेतरी काही बिघडले. रात्री दिवा नाही, पंखा नाही, बोलायला माणूस नाही. पुढे पन्नाससाठ वाघिणी आणि त्यांच्यापलीकडे ड्रायव्हर. त्याचा चेहरा सकाळी उतरल्यावर दिसायचा.

“मग झेंडा कशाला?” मी विचारले. जुन्या विनोदाची जीभ सुटलीच म्हणायची.

मामा चिडले नाहीत. म्हणाले, “स्टेशनातून गाडी पास होते तेव्हा मास्तर इंजिनाकडे पाहतोच, पण त्याचे खरे लक्ष शेवटच्या डब्यावर असते. मागचा तांबडा दिवा, शेवटच्या डब्याची पाटी त्याला दिसली, म्हणजे गाडी पूर्ण आली. मध्ये कपलिंग तुटून चार वाघिणी मागे राहिल्या असतील, तर इंजिनाला बघून ते कळणार नाही. शेवटचा डबा पाहिल्याशिवाय मागच्या स्टेशनाला ‘लाईन मोकळी’ असे सांगता येत नाही.”

मी वहीत लिहून घेतले. परीक्षेसाठी एवढ्या मन लावून मी काही लिहिल्याचे आठवत नाही.

काम शेवटाला आले ते पायऱ्यांपाशी. पडवीतून खाली उतरायच्या लोखंडी पायऱ्या मी पत्र्याच्या पट्टीतून कापल्या. चारी कोपऱ्यांत सारख्या, सरळ, काटकोनात. अभिमानाने मामांपुढे ठेवल्या. मामा बराच वेळ पाहत राहिले. मग उजव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यातली सगळ्यात खालची पायरी दाखवून म्हणाले, “ही वाकडी कर.”

“का? सगळ्या सारख्या छान दिसतात.”

“डबा रोज वेगळा मिळायचा,” मामा म्हणाले. “सगळेच सारखे. पण एका डब्याची ही पायरी वाकडी होती.”

मामी स्वयंपाकघरात होत्या. मामांनी आवाज खाली आणला आणि मला जे सांगितले ते मी त्यांच्या परवानगीने लिहितो आहे.

आषाढातली रात्र. आपल्या भागापासून लांब, दोन स्टेशनांच्या मध्ये त्यांच्या गाडीचे इंजिन बंद पडले. त्या काळी खिशात मोबाइल नव्हता. गाडी अशी मध्येच अडकली, की गार्डाने मागच्या बाजूचे रक्षण करायचे, हा नियम. हातदिवा घ्यायचा, फटाके घ्यायचे आणि रुळांवरून मागे चालत जायचे. सहाशे मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा. आणखी पुढे, गाडीपासून बाराशे मीटरवर, दहा-दहा मीटर अंतराने तीन बांधायचे. मागून काही आले, तर चाकाखाली ते फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. मामा पावसात निघाले. दिव्याच्या उजेडात दोन स्लीपरांपलीकडचे दिसत नव्हते. एका बाजूला पाण्याचा आवाज, म्हणजे नाला. पण किती जवळ, ते कळत नव्हते.

मी विचारले, “पण मामा, एका टप्प्यात एकच गाडी सोडतात ना? मग मागून कोण येणार होते?”

“कोणी नाही,” मामा म्हणाले. “शंभरात नव्व्याण्णव वेळा कोणी नाही. पण मदतीचे इंजिन पुढून पाठवतील की मागून, मला काय ठाऊक? आणि माणसाच्या हातून चूक काय सांगून होते? ड्रायव्हर पुढचे बघतो. मागचे बघायला गाडीत एकच माणूस असतो.”

फटाके बांधून ते दिवा धरून तिथेच उभे राहिले. किती वेळ, ते त्यांना सांगता आले नाही. पुढे परत बोलावणे आले, ते डब्याशी पोचले, ओल्या बुटाने त्या वाकड्या पायरीवर पाय ठेवला आणि पाय सटकला. गुडघा खडीवर आपटला. “दोष कुणाचा नाही, पाय माझा घसरला,” असे ते दोनदा म्हणाले. गुडघ्याला रुमाल बांधून पुढच्या स्टेशनापर्यंत त्यांनी डबा सांभाळला. घरी येऊन मामींना सांगितले, की जिन्यावरून पडलो. खरे सांगितले असते तर मामींनी नोकरी सोडायला लावली असती आणि घरात तेव्हा दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. त्यातली एक माझी आई.

मामा डाव्या पायाने किंचित लंगडतात. आमच्या लग्नघरातल्या विनोदाला एक जोडही होती: ‘बसून बसून गार्डाचा पाय झोपला!’ ती जोड माझीच होती.

मी काही बोललो नाही. चिमटा घेतला आणि ती पायरी वाकवली. पहिल्यांदा जरा जास्त वाकली. मामांनी मान हलवली. पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकवली. तिसऱ्या खेपेस ते “बस्स” म्हणाले.

मग रंग दिला, वाघिणींचा असतो तसा लालसर तपकिरी. पांढरी अक्षरे सुईच्या टोकाने काढली. मोतीबिंदूमुळे मामांना ती वाचता आली नाहीत. त्यांनी डबा तळहातावर घेतला आणि तर्जनी भिंतीवरून, पडवीवरून फिरवत त्या कोपऱ्यातल्या पायरीवर आणून थांबवली. बोट तिथे बराच वेळ होते.

वाचकहो, हे सगळे आता इतिहासजमा होण्याच्या वाटेवर आहे. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात कबूस झपाट्याने गेले. त्यांच्या जागी शेवटच्या वाघिणीला एक पेटी लावू लागले. ती हवेचा दाब मोजते आणि गाडी अखंड असल्याचे रेडिओने इंजिनाला कळवते. आपल्याकडेही तशी यंत्रे आली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये तर गार्ड हे नावच बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. मी हे मामांना सांगितले तेव्हा मला वाटले, ते हळहळतील. ते म्हणाले, “पेटी चांगलीच आहे. तिला पावसात मागे चालत जावे लागणार नाही.” क्षणभर थांबून म्हणाले, “पण जायची वेळ आलीच, तर ती जाणार कशी?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या अमेरिकन डब्यातले आता फारसे काही उरले नाही. तळाचा सांगाडा, चार चाके आणि भिंतींच्या आतला मूळचा लाल रंग. बाकी सगळे लग्नपत्रिका, टाचण्या, टिचबटण आणि बाजारचा मणी. जाणकाराने पाहिला तर चुका काढील. रूळ अजून साडेसोळाचेच आहेत, म्हणजे चाके आपल्या गाडीपेक्षा जवळ आहेत. तेवढे मला जमले नाही.

डबा मामांच्या घरी, टी.व्ही.शेजारच्या फळीवर ठेवला आहे. पुढे इंजिन नाही, वाघिणी नाहीत, रुळाचा फक्त एक वीतभर तुकडा. मामींना जिन्याची गोष्ट कधी कळली की नाही, कोण जाणे. पण फळी पुसताना त्या डबा उचलतात तेव्हा त्या कोपऱ्याला हात लागू देत नाहीत, एवढे मी पाहिले आहे.

दिवाळीत घरी पाहुणे आले होते. त्यांतल्या एका लहान मुलाने डबा पाहून विचारले, “आजोबा, याची गाडी कुठे गेली?”

मामा म्हणाले, “गेली पुढे. हा दिसला ना तुला? म्हणजे पूर्ण गेली.”